बहिणीले स्क्लेरोडर्मा हाय, माह्या स्टेम सेल तिले चालतीन का?

पऱ्हाटीवाला (कळंब, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं त सांभाळून घ्या. माही लहान बहीण, वय २९, आर्वीकडं दिली हाय, ६ वर्षाचा एक पोरगा हाय तिले. तीन वर्षाआधी थंडीत कापूस वेचता वेचता तिची बोटं पांढरीफटक पडायची, मंग निळी, मंग लाल होऊन आग व्हायची. आम्ही म्हणलो दवानं होत असन, कोमट पाण्यात हात घाल. मंग बोटाची कातडी ताठ झाली, मूठ वळेना, तोंडाची कातडी ओढल्यावानी झाली, आता भाकरीचा मोठा घास तोंडात जात नाई. नागपूरच्या डॉक्टरनं स्क्लेरोडर्मा सांगतलं. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आंगावर उठते म्हणे. प्रतिकारशक्ती दाबायच्या, मायकोफेनोलेटच्या गोळ्या चालू हायेत. पण दोन महिन्यापासून आंगण झाडलं तरी तिले दम लागून राहिला.

मोबाईलवर वाचलं का अशा आजारात दात्याच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, टाकून जुनी प्रतिकारशक्ती काढून नवीनच बसवतात. मी सख्खा भाऊ, ३३ वर्षाचा, ना बिमारी ना व्यसन. माह्या घ्या न बाप्पा, लागतीन तेवढ्या घ्या. कोणाले अनुभव हाय का, कुठं होते, पैसा किती लागते? दीड एकर वावर विकाची तयारी हाय.

धामणगावकर
पहिले छातीचं पाहा भाऊ. दम लागणं साधं नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

रक्तपेढीवाला
दादा, वावर विकायची गोष्ट आज बाजूला ठेवा, मी तेवीस वर्षं रक्तपेढीत काम करतो, डॉक्टर नाही, पण हे जवळून पाहिलंय म्हणून लिहितो.

स्टेम सेल प्रत्यारोपण दोन तऱ्हेचं असतं आणि मोबाईलवर दोन्हीची खिचडी करून टाकतात. एक म्हणजे पेशंटच्या स्वतःच्याच पेशी. आधी औषध देऊन त्या हाडातल्या मगजातून रक्तात उतरवतात, मशीनवर गोळा करून गोठवतात, मग जोरदार केमो देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसून काढतात आणि ठेवलेल्या पेशी परत देतात. शेतीच्या भाषेत सांगायचं तर तण माजलेलं वावर पूर्ण साफ केलं आणि घरचंच राखून ठेवलेलं बी परत पेरलं. दुसरी तऱ्हा दात्याच्या पेशींची, म्हणजे बी बाहेरचं.

स्क्लेरोडर्मात जे मोठे अभ्यास झाले, युरोपातला ॲस्टिस (२०१४, १५६ पेशंट) आणि अमेरिकेतला स्कॉट (२०१८, ७५ पेशंट), ते दोन्ही स्वतःच्या पेशींचे आहेत. दात्याच्या नाहीत. तुम्ही जे द्यायला निघालात ते या आजारात नेहमीच्या उपचारात मागितलंच जात नाही. मन मोडायचं नाही माझं, पण हे आधी कळलेलं बरं.

पुसदचा मास्तर
पण रक्तपेढीवाले साहेब, घरच्याच बियात रोग असन त? तिच्या स्वतःच्या पेशीनंच त हा आजार आणला, त्याच परत टाकून काय फायदा? मले त भावाचं म्हणणं बरोबर वाटते, चांगलं बी पाहिजे.

रक्तपेढीवाला
मास्तर, प्रश्न अगदी नेमका आहे आणि दात्याचा विचार डॉक्टरांच्या डोक्यात आला तो याच कारणानं. ज्यांना ब्लड कॅन्सर किंवा ॲप्लास्टिक ॲनिमिया (मगजात रक्तच बनत नाही तो आजार) होता आणि जोडीला संधिवात किंवा सोरायसिससारखा आपलीच प्रतिकारशक्ती उठण्याचा आजारही होता, अशा काही जणांना रक्ताच्या आजारासाठी दात्याचं मगज दिलं आणि मागं मागं त्यांचा संधिवातही शांत झाला. म्हणून तर ही कल्पना आली. पण बिघाड बहुतेक त्या पेशींमध्ये असतो ज्या "चुकीचं शिकून" बसल्या आहेत. केमोनं त्या गेल्या की स्टेम सेलपासून नव्या पेशी कोऱ्या पाटीवर शिकतात. काहींचा आजार परत येतो हेही खरं.

आणि बाहेरच्या बियाची उपमा इथं संपते मास्तर, कारण हे बी उगवून जमिनीलाच खाऊ शकतं. दात्याच्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटतं आणि त्या कातडीवर, यकृतावर, आतड्यावर हल्ला करतात. त्याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट म्हणतात. ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, हा धोका पत्करतात कारण दुसरा रस्ता नसतो, आणि त्या परक्या पेशी उरलेला कॅन्सरही मारतात, तो फायदा असतो. स्क्लेरोडर्मात तो फायदा नाही, धोका मात्र पूर्ण.

अजून एक ऐका, ऐकून माझं मन हललं होतं. हा ग्राफ्ट व्हर्सस होस्ट जुना होत गेला की काही पेशंटची कातडी ताठ, चिवट, लाकडासारखी होते. हुबेहूब स्क्लेरोडर्मा. म्हणजे ज्यातून बाहेर काढायला निघालो, त्याच्याचसारखं दुसरं दुखणं मागं लागायचं.

पऱ्हाटीवाला (कळंब, जि. यवतमाळ)
हे वाचून मी वावरातून घरी आलो. मले वाटलं होतं भाऊ हाय म्हणजे झालं.

सालेकशाची आई
पऱ्हाटीवाले भाऊ, मी दात्याचं केलेलं घर आहे म्हणून लिहिते. आमच्या मुलाला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत किती घरांत आहे. दर दोन महिन्यांनी हाडं दुखून रडायचा, शाळा बुडायची. त्याच्या मोठ्या बहिणीचं मॅचिंग पूर्ण जुळलं आणि ९ वर्षांचा असताना प्रत्यारोपण झालं. ५ वर्षं झाली, एकदाही दुखण्याचा झटका आला नाही.

पण ते का झालं ते समजून घ्या. सिकलसेलमध्ये रक्त बनवणारा साचाच जन्मापासून चुकीचा, त्याच्या स्वतःच्या पेशी परत टाकून काही उपयोग नव्हता, दुसऱ्याचा साचा आणावाच लागतो. तुमच्या बहिणीचं तसं नाही.

आणि सोपं अजिबात नव्हतं. महिनाभर एकाच खोलीत, हवा गाळून येणारी, मी आत जायची तर अंगावर गाऊन, तोंडाला मास्क, बाहेरचं पाणीसुद्धा नाही. तोंड आतून सोलून निघालं, थुंकी गिळता येईना. केस गेले. नंतर सहा महिने दवाखान्याजवळच खोली करून राहिलो, घरचा धान दिराने कापला. सगळं मिळून १४ लाखांच्या वर गेले, त्यात मदत मिळाली, दागिने गेले. त्याचा रक्तगट बी होता, तो बहिणीचा ओ झाला. लहानपणीच्या लसी सगळ्या परत पहिल्यापासून.

वरूडचा संत्रा
काय सांगता ताई, रक्तगट बदलते? मंग राखीले कोणी कोणाले ओवाळणी द्याची आता?

सालेकशाची आई
आमच्या घरात तोच वाद दरवर्षी होतो भाऊ. मुलगी म्हणते आता तूच मला राखी बांध, रक्त माझं आहे. आणि तो बांधतो.

पवनीची पोट्टी
मॅचिंग म्हणजे नक्की काय जुळवतात? रक्तगट का?

रक्तपेढीवाला
नाही. रक्तगट वेगळा असला तरी चालतो, वर ताईंनी लिहिलंच. एचएलए जुळवतात, पेशींवरच्या ओळखीच्या खुणा समजा. सहाव्या गुणसूत्रावर त्यांचा संच असतो, एक आईकडून, एक वडलांकडून. म्हणून सख्ख्या भावाबहिणीत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. आईबाप बहुतेक अर्धेच जुळतात. अर्धं जुळलेल्यावरही आता करतात, पण ते अजून नाजूक काम.

पुसदचा मास्तर
मी तरी म्हणतो, धोका धोका करून गरीबाले बसवून ठेवतात. पैसेवाला असता त विमानानं नेलं असतं. फुफ्फुस जाऊन मराच्यापेक्षा धोका घेतलेला काय वाईट?

नर्सबाई
मास्तर, राग समजतो. पण धोका आकड्यात पाहा. ॲस्टिस अभ्यासात स्वतःच्याच पेशी दिलेल्या ७९ जणांपैकी ८ जण पहिल्या वर्षात उपचारानंच गेले. नुसत्या औषधावर ठेवलेल्यांत उपचारानं कोणी गेलं नाही. पुढच्या वर्षांमध्ये मात्र प्रत्यारोपणवाले जास्त जगले. स्कॉटमध्ये साडेचार वर्षांनी मोठ्या बिघाडाशिवाय जगलेले प्रत्यारोपणात ७९ टक्के आणि औषधात ५० टक्के. म्हणजे उपचारात दम आहे, पण दारातच खड्डा आहे. आणि हा खड्डा *स्वतःच्या* पेशींचा. दात्याचा त्याहून खोल.

म्हणून पेशंट निवडून घेतात. आजार जोरात पुढे जातोय पण हृदय, फुफ्फुस, किडनी अजून केमो सोसू शकतात, अशी एक मधली वेळ असते. खूप लवकर गेलं तर गरज नसते, खूप उशिरा गेलं तर शरीर झेपत नाही. विमान नाही लागत मास्तर, वेळेवर तपासणी लागते. हृदयाची २डी इको, छातीचा एचआरसीटी म्हणजे बारीक स्कॅन, फुंकायची तपासणी म्हणजे पीएफटी. एवढं आपल्या वर्धा-नागपुरात होतं.

आणि एक बोलायला अवघड पण बोलतेच. या केमोनं पाळी बंद होऊ शकते, पुढे मूल होत नाही. ती २९ ची आहे. तिला हे आधी सांगा, तिला, फक्त नवऱ्याला आणि सासऱ्याला नाही. मी वॉर्डात असंख्य वेळा पाहिलंय, कागदावर सही घरच्यांची आणि बाईला काय होणार ते शेवटच्या दिवशी कळतं.

परतवाड्याची ताई
मला स्वतःला ११ वर्षांपासून स्क्लेरोडर्मा आहे. दादा, तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग. बोटं पांढरी पडायची तेव्हा माझी सासू म्हणायची कामचुकारपणा आहे, त्यामुळे तुम्ही "दवानं होत असन" म्हणालात याचा राग नाही येत, कोणालाच माहीत नसतं.

आता नीट वाच. तिला थंड पाण्यात हात घालू देऊ नको. पहाटेची वेचणी बंद, ऊन चढल्यावर जाऊ दे, आणि खरं तर जाऊच देऊ नको, बोंडाच्या टोकानं बोट फाटलं की आमच्या बोटाची जखम महिनोन्महिने भरत नाही. आतून कापडी हातमोजे. घरात कोणी बिडी ओढत असेल तर अंगणाबाहेर. रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, उशाकडून खाटेखाली दोन विटा, कारण अन्ननलिकाही ताठ होते आणि आंबट पाणी वर येऊन फुफ्फुसात जातं.

सगळ्यात मोठं म्हणजे दम लागतो म्हणून गावातल्या कोणी स्टेरॉइडचा मोठा डोस दिला तर घ्यायचा नाही, आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचं. आमच्या आजारात मोठ्या डोसानं बीपी एकदम चढून किडनी बसू शकते. बीपी घरी मोज, आशाताईकडे मशीन असते. अचानक वाढलं आणि डोकं दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रत्यारोपणाबद्दल मलाही एकदा विचारलं होतं. माझं हृदय आधीच थोडं धरलेलं होतं म्हणून डॉक्टरच नाही म्हणाले. औषधावरच आहे. पोरीचं लग्न केलं मागच्या वर्षी, पुरणाच्या पोळ्या स्वतः लाटल्या. हळू लाटल्या, पण लाटल्या.

पऱ्हाटीवाला (कळंब, जि. यवतमाळ)
ताई तुमचं लिहिलेलं तिले फोनवर वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाई, मंग म्हणे "अजून एकदा वाच".

एक विचारायचं राहिलं. एका माणसानं व्हाट्सॲपवर नंबर देला, तो म्हणते दात्याच्या नाळेच्या स्टेम सेलचे तीन इंजेक्शन, अडीच लाख, भरती व्हाची गरज नाई, मॅचिंगची गरज नाई, शंभर टक्के गॅरंटी.

अंजनगावचा पानवाला
नको. भाऊ नको. माझ्या वडलांना संधिवात, बोटं वाकडी झालेली. असाच एक माणूस आला, कोट घालून, लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवले. आम्ही पानमळ्याचा तुकडा गहाण टाकला. चार इंजेक्शन एका हॉटेलच्या बाजूच्या दवाखान्यात. पंधरा दिवस बरं वाटलं, वडील म्हणाले बघ चालतोय मी. नंतर दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं त्यात बहुतेक स्टेरॉइड असेल म्हणून बरं वाटलं. काय होतं ते आजही माहीत नाही, बाटलीवर नाव नव्हतं, बिलावर नुसतं "थेरपी". माणसाचा फोन बंद. वडील गेले ते त्याच वाकड्या बोटांनी, आणि शेवटपर्यंत म्हणायचे मळा माझ्यामुळे गेला. मला त्या माणसाचा राग येत नाही तेवढा या गोष्टीचा येतो की वडलांनी दोष स्वतःला दिला.

नर्सबाई
आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मगज आणि रक्ताच्या स्टेम सेलचं ठरलेल्या आजारांसाठी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये. आणि ट्रायलमध्ये उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. पैसे मागितले की समजून जा.

नाळेच्या किंवा चरबीच्या दात्याच्या पेशींवर जगात खरं कामही चालू आहे. ल्युपसमध्ये (हाही आपलीच प्रतिकारशक्ती उठण्याचा आजार) चीनमध्ये पुष्कळ झालं. क्रोन्स या आतड्याच्या आजारातल्या भगेंद्रासाठी युरोपात अशा एका औषधाला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली होती, पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही म्हणून २०२४ मध्ये बाजारातून काढलं. मंजूर झालेलं औषध असं मागं घेतात, आणि हा व्हाट्सॲपवर शंभर टक्के म्हणतो.

वरूडचा संत्रा
धागा थोडा भरकटवतो, माफी. माझ्या पुतणीला टाईप १ शुगर, १२ वर्षांची, रोज चार टोचण्या. हाही आपलीच प्रतिकारशक्ती उठण्याचाच प्रकार ना? यात दात्याचं काही?

रक्तपेढीवाला
हो, तोही त्याच घरातला. तिथं दात्याच्या स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करून यकृताच्या शिरेत सोडतात. २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानं सुटलेलं होतं. पण त्या पेशी परक्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या सतत घ्याव्या लागतात. १२ वर्षांच्या पोरीसाठी आज टोचण्याच बऱ्या. पुतणीला सांगा बातमी चांगली आहे, अजून वाट पाहायची आहे.

पवनीची पोट्टी
मी फार्मसीला आहे, कार-टी बद्दल कोणी का नाही लिहिलं? जर्मनीत एर्लांगेनला २०२१ पासून ल्युपसच्या पेशंटवर करतात. टी आणि बी या दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी. पेशंटच्या टी पेशी काढून त्यांना बिघडलेल्या बी पेशी ओळखून मारायला शिकवतात आणि परत सोडतात. २०२४ मध्ये १५ जणांचा अहवाल आला, ल्युपस, मायोसायटिस (स्नायूंची सूज), स्क्लेरोडर्मा सगळे होते त्यात, आणि प्रतिकारशक्ती दाबायची औषधं बंद करता आली. त्याच वर्षी चीनमध्ये निरोगी दात्याच्या पेशींपासून बनवलेली कार-टी तीन जणांना दिली, त्यातले दोन स्क्लेरोडर्माचे होते! जीन कापून बदलले होते म्हणून ग्राफ्ट व्हर्सस होस्ट झालं नाही. म्हणजे पऱ्हाटीवाले दादांची कल्पना चूक नाहीये, वेगळ्या दारानं येऊन राहिली आहे.

नर्सबाई
पोरी, छान लिहिलंस. फक्त तीन म्हणजे तीनच. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलची नेक्सकार१९ ही कार-टी २०२३ मध्ये मंजूर झाली ती ब्लड कॅन्सरसाठी. कोणी आज "इथे स्क्लेरोडर्मावर कार-टी करून देतो, पैसे भरा" म्हणाला तर तोही अंजनगावच्या कोटवाल्याचाच भाऊ.

धामणगावकर
आमच्या गावात कॉलेजात दात्यांच्या नोंदणीचं शिबिर होतं, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतात. पण एकानं पसरवलं की कमरेतून पाणी काढतात आन माणूस लुळा होते. अर्धे पोरं पळाले.

रक्तपेढीवाला
हे एकदाचं स्पष्ट होऊ द्या. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. जास्त करून दात्याला पाच दिवस पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात, अंग कसकसतं, तापासारखं वाटतं, मग हाताच्या शिरेतून मशीनवर चार-पाच तास रक्त फिरवून पेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त परत. प्लेटलेट देतात तसंच. काही वेळा कमरेच्या हाडातून मगज घेतात, तेव्हा भूल देतात, चार दिवस ती जागा दुखते. पेशी काही आठवड्यांत भरून येतात. घरात चारात एकच जुळतो, बाकीचे या नोंदणीकडेच डोळे लावून असतात आणि आपल्या माणसाला आपल्याच भागातला माणूस जुळायची शक्यता जास्त. विदर्भातून नावं फार कमी आहेत.

सालेकशाची आई
आमच्या वॉर्डात बाजूच्या खाटेवर चंद्रपूरचा एक मुलगा होता. त्याला कोणीच जुळलं नाही. एवढंच लिहिते.

पऱ्हाटीवाला (कळंब, जि. यवतमाळ)
मंडळी, उशीर झाला, सोयाबीन काढणीत होतो. अठरा दिवसानं लिहून राहिलो.

वर्ध्याला बहिणीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय चांगलं हाय. फुफ्फुसाच्या खालच्या भागात जाळी दिसली, पीएफटी कमी आली, पण डॉक्टर म्हणे अजून वेळ गेली नाई. गोळीचा डोस वाढवला, फुफ्फुसाची एक नवीन गोळी जोडली, तीन महिन्यानं परत फुंकायची तपासणी. तरी खाली गेलं त स्वतःच्या पेशीच्या प्रत्यारोपणासाठी मोठ्या केंद्राले चिठ्ठी देतो म्हणे. मी त्याईले विचारलं, डॉक्टर साहेब, माह्या पेशी? ते हासले नाई, खुर्ची ओढून बसले आन रक्तपेढीवाल्या दादांनी लिहिलं तेच समजावून सांगतलं.

मूल न होण्याचं तिले मी नाई सांगू शकलो, माह्या बायकोनं सांगतलं. दोघी गोठ्यामागं बसल्या होत्या लय वेळ. मंग जावायाले बोलावलं, त्यालेही सांगतलं. तो भला माणूस हाय, म्हणे एक पोरगा हाय, ही राहिली पायजे.

व्हाट्सॲपवाल्याचा नंबर काढून टाकला. वावर जागेवर हाय. यंदाच्या वेचणीले तिच्या वाट्याच्या ओळीत दोन बाया लावून देल्या, मजुरी मी देईन. खाटेखाली विटा ठेवल्या. बीपी आशाताई दर सोमवारी पाह्यते. मी माहं नाव दात्याच्या नोंदणीत देलं, गालाची काडी पाठवली. बहिणीले सांगतलं त म्हणे, "मले नाई त कोणाले तरी लागतीन तुह्या पेशी."

परतवाड्याच्या ताई, तिले तुमच्याशी बोलाचं हाय. म्हणते, पोळ्या कशा लाटल्या ते विचार.

परतवाड्याची ताई
नंबर खाजगी निरोपात टाकलाय. दुपारी तीननंतर कर म्हणावं, तेव्हा घर रिकामं असतं, मोकळं बोलता येतं. लाटणं जाड घ्यायचं आणि त्याला सुती कापड गुंडाळायचं, पकडायला बोटं पूर्ण वळावी लागत नाहीत. बाकीचं फोनवर दाखवते.

धामणगावकर
तीन महिन्यानं तपासणीले वर्ध्याले येसान तेव्हा धामणगाववरून गाडी सोपी पडते. आदल्या रात्री माह्या घरी मुक्काम करा, सकाळी स्टेशनवर मी सोडून देतो. बहिणीसाठी पाणी गरम करून ठेवाले सांगतो घरी.